विश्लेषण : ज्या कंपायलरने सगळे घडते, तोच बदलायचा तर काय होते?

मोबाइलवर अपडेट आले की आपण ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवतो, फोन चार्जिंगला लावतो आणि कामाला लागतो. तयार माल कुठल्या तरी कंपनीच्या संगणकांवर आधीच घडलेला असतो. पण लिनक्सचा एक प्रकार असाही आहे, ज्यात प्रत्येक प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर मूळ सोर्स कोडपासून तयार केला जातो. अशा संगणकावर घडवणारे हत्यारच, म्हणजे कंपायलर, बदलायचा झाला तर काय होते? काय मोडते, काय टिकते आणि जुन्या संगणकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा खटाटोप करावा का?

नंदुरबारशी याचा काय संबंध?

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. डिजिटल ओळख मिळवण्यात हा आदिवासीबहुल जिल्हा देशात पहिला ठरला. मात्र डिजिटल सेवा वापरणे आणि ती घडवायला शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साध्य करायची तर विद्यार्थ्याच्या हाती हत्यारे लागतात आणि ती फुकट मिळावी लागतात. लिनक्स आणि त्याचा कंपायलर जीसीसी ही अशीच हत्यारे आहेत.

अडचण दुसरीच आहे. देशातील अनेक महाविद्यालयांत सी भाषेचे पहिले धडे अजूनही ‘टर्बो सी’वर दिले जातात. तो डॉसच्या जमान्यातला कंपायलर आहे आणि त्याची पहिली आवृत्ती १९८७ सालची. त्यावर ‘चालणारा’ प्रोग्रॅम घरी लिनक्सवर टाकला की चुकांची यादी स्क्रीनभर येते. आपलाच संगणक बिघडला, असे विद्यार्थ्याला वाटते. प्रत्यक्षात बिघडलेले काही नसते. हत्यार बदललेले असते. कंपायलरची नवी आवृत्ती आली की नेमके हेच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, सोर्सवर आधारित लिनक्समध्ये घडते.

सोर्सवर आधारित लिनक्स म्हणजे काय?

नंदुरबारच्या मिरचीचेच उदाहरण घेऊ. दुकानातून तिखटाचे पाकीट आणता येते, किंवा पथारीवर वाळलेली लाल मिरची आणून ती डंकावर कुटून घेता येते. पाकीट झटपट मिळते, पण त्यात काय आणि किती घातले ते दुसऱ्याने ठरवलेले असते. कुटून घेतलेल्या तिखटाला वेळ लागतो, मात्र मिरची कोणती, धणे किती, तिखटपणा केवढा, हे घरचे ठरवतात.

उबंटू, डेबियन, फेडोरा हे पाकीटवाले. त्यांच्याकडून तयार बायनरी पॅकेजे येतात. ‘जेंटू’ हा दुसऱ्या पद्धतीतला सर्वांत परिचित लिनक्स. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती ३१ मार्च २००२ रोजी आली. जेंटू हे पेंग्विनच्या सर्वांत वेगाने पोहणाऱ्या जातीचे नाव. त्यातील ‘पोर्टेज’ ही व्यवस्था सोर्स कोड उतरवते, वापरकर्त्याने निवडलेल्या सोयीच तेवढ्या ठेवते आणि त्याच संगणकावर प्रोग्रॅम बांधते. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा प्रकल्प याच्याही पुढे जाऊन प्रत्येक पायरी स्वतःच्या हाताने करायला शिकवतो.

कंपायलर नेमका काय करतो?

माणसाने लिहिलेला सोर्स कोड प्रोसेसरला थेट कळत नाही. तो यंत्राच्या आज्ञांत उतरवण्याचे काम कंपायलर करतो. आपल्या उदाहरणात मिरची म्हणजे सोर्स कोड, डंक म्हणजे कंपायलर आणि तिखट म्हणजे चालणारा प्रोग्रॅम.

जीसीसीची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन यांनी केली आणि पहिली आवृत्ती १९८७ मध्येच आली, म्हणजे टर्बो सीच्याच वर्षी. टर्बो सी डॉसच्या जमान्यातच थांबला. जीसीसी वाढत राहिला. २०१९ मध्ये त्याचा कोड सुमारे दीड कोटी ओळींचा होता. २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून दरवर्षी साधारण एप्रिल-मेच्या सुमारास एक नवी मोठी आवृत्ती येते. एलएलव्हीएम-क्लँग ही दुसरी मोठी कंपायलर परंपरा आहे आणि अँड्रॉइड फोनचे सॉफ्टवेअर आता त्याच परंपरेतून घडते. लिनक्सच्या जगात मात्र जीसीसीचे स्थान आजही पायाचे आहे.

महाराष्ट्राचा या पायाशी जुना परिचय आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ चालले. एवढा अवाढव्य कंपायलर आतून कसा चालतो, हे उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा या केंद्राने घेतल्या. जीसीसी हा एकच कंपायलर नसून निरनिराळ्या भाषा आणि निरनिराळे प्रोसेसर यांच्यासाठी कंपायलर तयार करणारा साचा आहे, ही गोष्ट तिथे आवर्जून शिकवली जाई. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात सी आणि सी++चे धडे मराठीतही आहेत. त्यात वापरलेला जीसीसी मात्र ४.६ मालिकेतला, २०११च्या सुमाराचा. धडे आजही उपयोगी आहेत. फक्त आपल्या संगणकावरची आवृत्ती त्याहून बरीच नवी आणि बरीच कडक आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

कंपायलरला कोण कंपाइल करते?

दही लावायला विरजण लागते आणि विरजण म्हणजे कालचेच दही. कंपायलरचेही तसेच आहे. जीसीसी हाही एक प्रोग्रॅमच आणि तो बांधायला आधीचा कंपायलर लागतो. २०१३च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी स्वतः सी++ मध्ये लिहिला जातो. त्यामुळे संगणकावर आधीपासून सी++ जाणणारा कंपायलर असावा लागतो. फार जुन्या आवृत्तीवरून थेट सर्वांत नव्यावर उडी मारता येत नाही, मध्ये एखाद-दोन पायऱ्या घ्याव्या लागतात, त्याचे कारण हेच.

ही बांधणी एकदा नव्हे, तीनदा होते. पहिल्या फेरीत जुना कंपायलर नव्याला बांधतो. हा नवा कंपायलर काम बरोबर करतो, पण तो स्वतः जुन्या हत्याराने घडलेला असतो. म्हणून दुसऱ्या फेरीत तो आपल्याच सोर्स कोडमधून पुन्हा एक कंपायलर बांधतो. तिसऱ्या फेरीत हा दुसरा कंपायलर तेच काम परत करतो. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतून निघालेल्या फाइली ताडून पाहिल्या जातात. त्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत, कारण दोन्ही वेळा कोड तोच आणि नियमही तेच. न जुळल्यास काहीतरी चुकले असे समजून बांधणी थांबते. जीसीसीचे अपग्रेड इतर पॅकेजांपेक्षा इतका जास्त वेळ का घेते, याचे हे एक मोठे कारण आहे.

अपग्रेड प्रत्यक्षात कसे होते?

जेंटूची एक सोय इथे फार मोलाची ठरते. नवी मोठी आवृत्ती जुनीच्या जागी बसत नाही, शेजारी बसते. दोन डंक एकाच घरात ठेवावेत तसे. पायऱ्या साधारण अशा असतात :

पहिली, ‘एमर्ज’ या आज्ञेने नवा जीसीसी बांधून घेणे. या काळात चालू कंपायलर जुनाच राहतो.

दुसरी, ‘जीसीसी-कॉन्फिग’ या साधनाने उपलब्ध आवृत्त्यांची यादी पाहून नवी निवडणे. फक्त बांधून घेतल्याने नवी आवृत्ती नेहमीच आपोआप वापरात येते असे नाही. ‘अपग्रेड केले, पण आवृत्ती जुनीच दिसते’ अशी गफलत इथेच होते.

तिसरी, उघड्या टर्मिनलला हा बदल कळवणे. त्यासाठी प्रोफाइल पुन्हा वाचून घ्यावे लागते किंवा टर्मिनल बंद करून नवे उघडावे लागते.

चौथी, ‘लिबटूल’ हे पॅकेज पुन्हा बांधणे. कारण कंपायलरच्या जागेचा पत्ता ते आपल्या पोटात लिहून ठेवते. आवृत्ती बदलली की पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर कुणीच सापडत नाही.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, जुना कंपायलर लगेच न काढणे. रोजची चार-सहा पॅकेजे नव्याने बांधून पाहावीत, संगणक एकदा बंद करून चालू करावा आणि मगच जुन्याला निरोप द्यावा.

सगळे प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागतात का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. डंक नवा आणला म्हणून डब्यातले जुने तिखट खराब होत नाही. आधी बांधलेले प्रोग्रॅम नव्या कंपायलरनंतरही चालत राहतात आणि पुढच्या अपडेटच्या वेळी एकेक करून आपोआप नव्याने बांधले जातात.

याला अपवाद आहेत. २०१५ मधील पाचवी आवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण. सी++ भाषेच्या २०११च्या मानकाची पूर्तता करण्यासाठी जीसीसीच्या सी++ लायब्ररीत अक्षरमाला आणि यादी या मूलभूत प्रकारांची अंतर्गत रचना बदलली. लायब्ररीच्या फाइलचे नाव तेच राहिले आणि जुनी रचनाही तिच्यात ठेवली गेली. तरीही जुन्या पद्धतीने बांधलेला एक भाग आणि नव्या पद्धतीने बांधलेला दुसरा भाग एकमेकांना जोडायला गेले की जुळत नसत. तेव्हा जेंटूच्या वापरकर्त्यांना सी++ लायब्ररीवर अवलंबून असलेली पॅकेजे शोधून पुन्हा बांधावी लागली. अशा बदलाची सूचना जेंटू आधी देते. ती न वाचता पुढे गेलेल्यांनाच जास्त त्रास होतो.

मग मोडते काय?

पहिली गोष्ट म्हणजे जुना, ढिला कोड. एखादे फंक्शन आधी जाहीर न करता थेट वापरले, तर जुना सी कंपायलर ‘ते पूर्णांक परत करत असेल’ असे गृहीत धरून पुढे जाई. सी भाषेच्या १९९९च्या मानकाने ही सवलत काढून टाकली. तरी जीसीसी इतकी वर्षे केवळ इशारा देत असे. मे २०२४ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीने त्याची थेट चूक केली. ‘मेन’च्या आधी प्रकार न लिहिणे, हेडर फाइल न जोडता ‘प्रिंटएफ’ वापरणे, या टर्बो सीच्या काळच्या सवयी आता चालत नाहीत.

हा कडकपणा नुसता शिस्तीसाठी नाही. ६४ बिटच्या संगणकावर मेमरीचा पत्ता ६४ बिटचा असतो आणि साधा पूर्णांक ३२ बिटचा. पत्ता परत करणारे फंक्शन जाहीर केलेले नसेल आणि कंपायलरने त्याला पूर्णांक मानले, तर अर्धा पत्ता कापला जातो. प्रोग्रॅम बांधला जातो, कधी चालतोही आणि एखाद्या दिवशी अचानक कोसळतो. बांधतानाच मिळालेली चूक यापेक्षा केव्हाही परवडली.

एप्रिल २०२५ मधील १५व्या आवृत्तीने सी भाषेचे २०२३चे मानक हेच मूळ धरले. त्यात ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द झाले. ज्या जुन्या प्रोग्रॅमांनी याच नावांची स्वतःची व्याख्या केली होती, ते अडले. अशा वेळी कंपायलरला ‘जुन्या, २०१७च्या मानकाने वाच’ असे सांगणारा पर्याय देता येतो. तो तात्पुरता उपाय आहे. खरा उपाय कोड दुरुस्त करणे हाच.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अनेक पॅकेजे बांधणीपूर्वी छोटे छोटे चाचणी प्रोग्रॅम चालवून पाहतात : ही सोय संगणकात आहे का, ते फंक्शन आहे का? हा चाचणी प्रोग्रॅमच जुन्या ढिल्या पद्धतीने लिहिलेला असेल तर नवा कंपायलर तो नाकारतो आणि पॅकेज समजते की सोयच उपलब्ध नाही. चूक कुठेच दिसत नाही. बांधणी यशस्वी होते, पण एक सोय गुपचूप गळून पडते. १४वी आवृत्ती येण्याआधी फेडोरा आणि जेंटूच्या स्वयंसेवकांनी जुनी पॅकेजे धुंडाळून दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले, ते यासाठीच.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास भेटते. घरच्या संगणकावर नव्या कंपायलरने बांधलेला सी++ प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजात गेले, की ‘लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असा संदेश येतो. नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमला सांभाळून घेते; जुनी लायब्ररी नव्या प्रोग्रॅमला ओळखत नाही. शिवाय ‘याच प्रोसेसरसाठी बांध’ असा पर्याय वापरला असेल, तर जुन्या प्रोसेसरवर तो प्रोग्रॅम एका आज्ञेवर अडून तिथेच बंद पडतो. म्हणून बायनरी नव्हे, सोर्स कोड न्यावा आणि तिथे बांधावा.

वीज, मेमरी आणि उन्हाळ्याचे काय?

जुन्या ड्युअल कोर संगणकावर जीसीसीची बांधणी काही तास चालू शकते. त्यात वीज गेली तर? सुदैवाने पोर्टेज प्रोग्रॅम आधी एका वेगळ्या तात्पुरत्या जागेत बांधते आणि पूर्ण झाल्यावरच मुख्य प्रणालीत उतरवते. त्यामुळे बांधणीच्या मध्ये वीज गेली तर वेळ वाया जातो, पण चालू प्रणाली सहसा शाबूत राहते. जोखीम असते ती शेवटी फाइली जागेवर बसण्याच्या थोड्या वेळात. आधी पूर्ण झालेली पॅकेजे वाया जात नाहीत, उरलेली यादी पुढे चालू ठेवण्याची सोय आहे. अर्धवट राहिलेले पॅकेज मात्र साधारणपणे पहिल्यापासून करावे लागते.

मेमरीचा नियम साधा आहे. एका वेळी जितकी कामे समांतर चालवायची, तितकी दर कामाला सुमारे दोन जीबी रॅम धरावी. चार जीबीच्या संगणकावर दोनच कामे लावावीत. प्रोसेसरला चार कोर आहेत म्हणून चार कामे लावली, तर मेमरी संपते आणि बांधणी मध्येच मारली जाते. संदेश मात्र कंपायलर बिघडल्यासारखा दिसतो. मे महिन्यात धुळीने भरलेल्या पंख्याचा संगणक तासन् तास पूर्ण क्षमतेने चालवणे हेही त्याच्या जिवावर बेतू शकते. पंखा साफ करून रात्रीची वेळ गाठलेली बरी.

कॉलेजात दहा संगणक असतील तर दहा ठिकाणी बांधणी करायची गरज नाही. एका चांगल्या संगणकावर बांधून त्याची बायनरी पॅकेजे इतरांना देता येतात. फक्त ती सर्वांत जुन्या प्रोसेसरला झेपतील अशी बांधावीत. ‘डिस्टसीसी’ हे साधन बांधणीचे काम अनेक संगणकांत वाटते, ‘सीकॅश’ आधी केलेले काम लक्षात ठेवते. आणि डिसेंबर २०२३ पासून खुद्द जेंटूनेच तयार बायनरी पॅकेजे द्यायला सुरुवात केली आहे. हवे ते पाकीट घ्या, हवे ते घरी कुटा, अशी मुभा आता आहे. अपग्रेडपूर्वी चालू कंपायलरचे बायनरी पॅकेज करून बाजूला ठेवण्याची सोयही आहे. ते दोन मिनिटांचे काम पुढचा अख्खा दिवस वाचवू शकते.

विरजणच नासके असेल तर?

सोर्स कोड स्वतः बांधला म्हणजे तो सुरक्षित, असे अनेकांना वाटते. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या समजुतीला धक्का दिला. कंपायलरमध्येच चोरदरवाजा टाकला आणि तो पुढच्या कंपायलरमध्ये आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली, तर सोर्स कोड पूर्ण स्वच्छ असूनही धोका पिढ्यान् पिढ्या चालू राहतो. तीन फेऱ्यांची ताडणीही तो पकडू शकत नाही, कारण दोन्ही फेऱ्यांत तोच दोष उतरतो. नासक्या विरजणाचे दही कितीही चांगल्या दुधात लावले तरी बिघडतेच.

यावर उत्तर म्हणून काही प्रकल्प अगदी तळापासून सुरुवात करतात. ‘गीक्स’ या लिनक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटच्या बीजापासून पायरी पायरीने जीसीसीपर्यंत पोहोचून दाखवले. एवढे बीज माणूस स्वतः वाचून तपासू शकतो. दुसरीकडे मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजच्या बांधणीच्या सूचनांत दडवलेला चोरदरवाजा उघड झाला. म्हणजे बांधणीची पायरीही हल्ल्याची जागा असू शकते. घरी कुटले तरी मिरची कुठून आली, हे पाहावेच लागते.

मग हा खटाटोप करावा का?

ज्याला फक्त काम करायचे आहे, त्याने उबंटू किंवा डेबियन वापरावे. त्यात कमीपणा नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात किंवा एकुलत्या एका संगणकावर कंपायलर बदलण्याच्या फंदात तर कुणीच पडू नये.

पण ज्याला संगणक आतून समजून घ्यायचा आहे, त्याच्यासाठी प्रयोगशाळेतून बाद झालेला एखादा डेस्कटॉप, रात्रभराची वीज आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. चुकांचे संदेश मात्र वाचावे लागतात, शेवटची नव्हे तर पहिली चूक शोधावी लागते आणि एखादे जुने पॅकेज अडलेच तर त्यातली एक ओळ दुरुस्त करून मूळ प्रकल्पाकडे पाठवता येते. ती स्वीकारली गेली, तर शहाद्यात किंवा धडगावात दुरुस्त झालेली ओळ जगभरच्या संगणकांवर बांधली जाते.